एका छोट्या मोटारीचे चरित्र

गेल्या दिवाळीच्या सुटीत काही कामानिमित्त निपाणीस जाण्याचा योग आला. बरोबर आपल्या शाळेचे नववीतील दोन विद्यार्थी होते. महामार्गालगतच्या एका गॅरेजात पांढऱ्या रंगाची एक जुनी 'प्रीमियर पद्मिनी' दुरुस्तीसाठी उभी होती. तिचे पुढचे दार गंजून गेले होते आणि मिस्त्री कोठून तरी आणलेले दुसरे दार तिला बसवीत होते. गाडी १९८६ सालची. दार मात्र १९६६ सालच्या एका मोडीत निघालेल्या गाडीचे. "हे कसे बसेल?" असे मी विचारताच मिस्त्री म्हणाले, "बसतंय की सर! हिचं समदं तिला आणि तिचं समदं हिला चालतंय." त्यावर आमच्यापैकी एका विद्यार्थ्याने पटकन विचारले, "मग मधली वीस वर्षं कारखान्यानं केलं तरी काय?"

मिस्त्री हसले, मलाही तत्काळ उत्तर सुचले नाही. मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु तो प्रश्न केवळ यंत्राचा नव्हता, इतिहासाचा आणि अर्थशास्त्राचाही होता. म्हणून सवड काढून या मोटारीची हकीकत मी वाचून पाहिली. विद्यार्थिमित्रहो, तीच आज आपणांस सांगण्याचे योजिले आहे.

तुरीनचा जन्म

'पद्मिनी' हे नाव अस्सल भारतीय असले, तरी या मोटारीचा जन्म इटली देशातील तुरीन या शहरी झाला. तेथे १८९९ साली 'फियाट' ही कंपनी स्थापन झाली. तिने १९३७ साली मध्यम आकाराची एक नवी मोटार काढली. तिच्या इंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि आतील दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. वृत्तचितीचे घनफळ काढण्याचे सूत्र आपण वर्गात शिकला आहात. त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले उंची, आणि त्याची चौपट, असा हिशेब करून पाहा. उत्तर सुमारे १०८९ घन सेंटिमीटर येईल. या संख्येवरूनच त्या मोटारीला 'अकराशे' हे नाव मिळाले. इटालियन भाषेत 'मिल्लेचेंतो'. ६८ आणि ७५ हे दोन आकडे मात्र ध्यानात ठेवावेत. कारण पुढे साठ वर्षांहून अधिक काळ ते या कथेची पाठ सोडीत नाहीत.

महायुद्ध संपले तेव्हा इटली होरपळून निघाली होती. पेट्रोल महाग, शहरांतील रस्ते अरुंद आणि लोकांच्या हाती पैसा थोडा. अशा काळात पतिपत्नी, दोन मुले व थोडे सामान सुखाने नेईल, पेट्रोल बेताने खाईल आणि सामान्य कुटुंबाला परवडेल अशी मोटार हवी होती. दान्ते जियाकोसा हे फियाटचे थोर अभियंते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली नवी 'अकराशे' १९५३ च्या मार्च महिन्यात जिनीव्हा येथील प्रदर्शनात लोकांपुढे आली. इंजिन जुन्याच मापाचे होते, परंतु बांधणी निराळी होती. तोवरच्या बहुतेक मोटारींत खाली लोखंडी सांगाडा असे आणि त्यावर वरचे अंग बसविलेले असे. छकड्याचा साटा वेगळा आणि वरचे छप्पर वेगळे असते, तसे. नव्या गाडीत हा भेद उरला नाही. पत्र्याचे अंगच असे वळविले व जोडले, की सगळा भार तेच पेली. अंड्याचे कवच पातळ असूनही आकारामुळे बळकट असते. तेच हे तत्त्व होय. त्यामुळे वजन घटले, आत जागा वाढली आणि पेट्रोलही वाचले.

ही मोटार एका देशापुरती राहिली नाही. जर्मनीत हाइलब्रोन गावी 'नेकार' या नावाने ती तयार होई. तिच्या पूर्वजावरून फ्रान्समध्ये 'सिम्का' कंपनीने आपली गाडी काढली होती. आणि खुद्द इटलीत दर दोन-चार वर्षांनी तिच्यात काही ना काही सुधारणा होत गेली. १९६२ साली तिला १२२१ घन सेंटिमीटरचे मोठे इंजिन मिळाले, १९६६ साली ती पुन्हा बदलली आणि १९६९ साली तर फियाटने तिला निरोपच दिला. तिच्या जागी आलेली '१२८' ही मोटार पुढच्या चाकांनी ओढली जाणारी, इंजिन आडवे बसविलेली, अशी सर्वस्वी नवीन होती. तिचेही जनक जियाकोसाच. स्वतः घडविलेली, खपणारी गाडी त्यांनी का मोडीत काढावी? कारण शेजारी फोक्सवॅगन होती, रेनॉ होती, ओपेल होती. आपण बदललो नाही, तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाईल, हे भय फियाटच्या मनात सदैव जागे होते.

कुर्ल्याचे बिऱ्हाड

आता आपण इटलीहून मुंबईस येऊ. आपल्या देशात मोटारी बनाव्यात, हे स्वप्न पाहणाऱ्यांत दोन नावे अग्रभागी आहेत. एक सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, आणि दुसरे वालचंद हिराचंद. वालचंदांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. आपल्या जवळच्या सांगलीतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही वाहनांचे कारखाने हिंदी भांडवलावर उभे करावयाचे, अशी त्यांची ईर्ष्या होती. मोटारींच्या योजनेला परकीय सरकारने साथ दिली नाही. तथापि १९४४ साली त्यांनी 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ साली मुंबईच्या कुर्ला भागातील कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली.

ही वाहने अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीची होती. आकाराने दांडगी आणि पेट्रोलला अधाशी. शाळामास्तर, डॉक्टर, वकील, छोटे व्यापारी यांना ती कोठून परवडणार? म्हणून १९५० च्या सुमारास फियाटशी करार झाला आणि १९५४ साली नवी 'अकराशे' कुर्ल्यात तयार होऊ लागली. नियतीचा खेळ पाहा. जिनीव्हात ही मोटार लोकांपुढे आली त्याच्या पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९५३ मध्ये, वालचंदांचे निधन झाले. ज्या गाडीने त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघर नेले, ती आपल्या रस्त्यावर धावताना पाहणे त्यांच्या दैवी नव्हते.

येथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मोटार 'बनविणे' याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी जुळणीची. सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून यावयाचे आणि आपण ते जोडावयाचे. दुसरी पायरी घडणीची. नकाशे दुसऱ्याचे, परंतु इंजिनाचे ओतकाम, दट्टे, गिअर, पत्रे, काचा हे सारे आपल्या देशात घडवावयाचे. तिसरी पायरी रचनेची. गाडी कशी असावी, कोणासाठी असावी, हे आपणच ठरवावयाचे आणि नकाशेही आपणच काढावयाचे. १९५३ साली जकात आयोगाने शिफारस केली, की ज्यांच्यापाशी दुसऱ्या पायरीवर चढण्याची योजना नाही, त्यांना येथे वाव असू नये. सरकारने ती मानली. जनरल मोटर्स आणि फोर्ड या बलाढ्य कंपन्या नुसती जुळणी करीत. त्यांनी काम आवरते घेतले. प्रीमियर कंपनी मात्र टिकली आणि भागांमागून भाग देशात घडवू लागली.

हे काम सोपे होते असे कोणी समजू नये. केसाच्या जाडीचीही चूक न खपणारे भाग येथे घडवावयाचे होते. त्यासाठी कारागीर शिकवावे लागले, लहानमोठे पुरवठादार उभे करावे लागले. आज कोल्हापूर आणि बेळगाव येथील ओतशाळांत मोटारींच्या इंजिनांचे भाग ओतले जातात. ही विद्या आपल्याकडे रुजली, तिच्या मुळाशी त्या काळातील घडणीचा हट्ट आहे, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

आरंभीच्या गोलसर 'अकराशे'ला मुंबईकर थट्टेने 'डुक्कर फियाट' म्हणत. आमच्या कोकणीत त्या प्राण्याला 'दुकर' म्हणतात, म्हणून हे नाव प्रथम ऐकले तेव्हा मला त्याचे फार हसू आले होते. नावात हेटाळणीपेक्षा लाडच अधिक होता. मागाहून 'सिलेक्ट', 'सुपर सिलेक्ट' असे नमुने आले. १९६४ साली नव्या आकाराची 'डिलाइट' आली. पूर्वी पुढची दारे मागील बाजूस बिजागऱ्या लावलेली, म्हणजे उलट उघडणारी होती. चालत्या गाडीत असे दार उघडले गेल्यास वारा ते हिसकावून घेई. नव्या गाडीत हा दोष गेला. इंजिन मात्र जुनेच, १०८९ चे, राहिले.

आणि येथे घड्याळ थांबले. १९७० नंतरच्या दशकात फियाटचे नाव जाऊन गाडी प्रथम 'प्रेसिडेंट' व १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' झाली. पुढची जाळी बदलली, दिवे बदलले. अंग, इंजिन आणि बिजागऱ्या त्याच. १९६६ चे दार १९८६ च्या गाडीला बसले, ते यामुळे.

साच्याचा हिशेब

हे असे का घडले? कारखान्यातील माणसे आळशी होती, असे उत्तर देणे सोपे आहे; परंतु ते खरे नव्हे.

प्रथम साच्याचा विचार करू. मोटारीचा पत्रा प्रचंड दाबयंत्राखाली पोलादी साच्यात दाबून वळवितात. दार, छत, बॉनेट, प्रत्येकाचे साचे वेगळे. हे साचे अतिशय महाग असतात. समजा, एका नव्या आकारासाठी एक कोटी रुपयांचे साचे लागले. दहा हजार मोटारी विकल्या, तर प्रत्येक मोटारीवर साच्याचा बोजा एक हजार रुपये पडेल. एक लाख विकल्या, तर केवळ शंभर रुपये. म्हणजे खप जितका मोठा, तितका बदल स्वस्त. आता आपल्या देशाची स्थिती पाहा. कोणत्या कारखान्याने किती मोटारी काढाव्यात हे परवान्याने ठरत असे. १९७० च्या आगेमागे साऱ्या भारतात मिळून वर्षाला तीस-चाळीस हजार मोटारी तयार होत आणि त्यांत तिघे वाटेकरी असत. इतक्या थोड्या खपावर नवे साचे कोणाला परवडणार? त्यातून परकीय चलनाची चणचण. नवी यंत्रे आणावयाची तर तीही परवानगीवाचून नाही. किमतींवरही सरकारचे नियंत्रण आले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

दुसरे कारण गिऱ्हाइकाचे. मोटारीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. ज्याच्या दुकानापुढे अशी रांग लागली आहे, त्याने माल सुधारावा तरी कशासाठी? आणि ज्याला वाट पाहून गाडी मिळाली, तो ती प्रसादासारखी मस्तकी लावणार. तिचे दोष काढणार नाही. तुरीनच्या कारखान्याला जे भय होते, ते कुर्ल्याच्या कारखान्याला नव्हते. एकाच घरात जन्मलेल्या दोन भावंडांची नशिबे येथे निराळी झाली. इटलीतील भावंड सोळा वर्षांत कालवश झाले, परंतु आपल्यामागे नवी पिढी ठेवून गेले. भारतातील भावंड सेहेचाळीस वर्षे जगले, पण निपुत्रिक राहिले.

तथापि न बदलण्याचे काही लाभही झाले, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. गाडी तीच असल्याने गावोगावच्या मिस्त्रींना ती तोंडपाठ झाली. सुटे भाग सर्वत्र मिळत. मुंबईच्या अरुंद गल्ल्यांत दीड मीटरहूनही कमी रुंदीची ही गाडी लीलया वळे. म्हणूनच तेथील काळ्यापिवळ्या टॅक्सीचे ती जणू दुसरे नाव बनली. लहानपणी आम्ही कारवारहून रात्रभर प्रवास करून दादरला उतरत असू. टपावर वळकट्या, ट्रंक आणि नारळांचे पोते. आत आई, आजी व आम्ही तिघे भावंडे. आणि पुढे सारथ्याशेजारी बाबा. गिअरचा दांडा सुकाणूजवळ असल्याने पुढच्या सलग बाकावर मांडी सैल सोडून बसता येई. त्या गाडीचा वेग किती, इंजिन कोणत्या सालचे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. ती आजोळी नेते, एवढेच ठाऊक होते.

रांग मोडते

१९८३ च्या डिसेंबरात हरियाणातील गुडगाव येथून 'मारुती ८००' बाहेर पडली. तिचे मूळ जपानच्या सुझुकी कंपनीचे. इंजिन केवळ ७९६ घन सेंटिमीटरचे आणि वजन सुमारे साडेसहाशे किलो. पद्मिनीचे वजन नऊशेच्या घरात. हलके अंग, पुढच्या चाकांची ओढ, थोडे पेट्रोल. सकाळी किल्ली फिरविताच गाडी सुरू. लोकांना प्रथमच कळले, की मोटार अशीही असू शकते. गंमत अशी, की सरकारी परवान्यांनी बांधलेली ही जुनी भिंत सरकारी भांडवल असलेल्या कंपनीनेच पाडली.

प्रीमियर कंपनी जागी झाली नाही असे नव्हे. १९८५ साली तिने '११८ एनई' ही नवी गाडी काढली. परंतु तिचे अंग १९६६ सालच्या फियाट १२४ चे आणि इंजिन जपानच्या निस्सानचे. नकाशे पुन्हा उसनेच होते. तीस वर्षे दुसऱ्या पायरीवर उभे राहिल्याने तिसरीवर पाय टाकण्याची सवयच उरली नव्हती. पुढे १९९१ साली आर्थिक धोरण पालटले, १९९३ साली मोटारधंदा परवान्यातून मुक्त झाला, परदेशी कंपन्या आल्या, आणि २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. शेवटपर्यंत तिच्या पेट्रोल इंजिनाची मापे होती ६८ आणि ७५ मिलिमीटर; १९३७ सालचीच.

टॅक्सीच्या रूपाने मात्र ती मुंबईत आणखी दोन तपे फिरत राहिली. तेथे टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली.

तिसरी पायरी

मग तिसरी पायरी कोणी चढली की नाही? चढली, आणि तीही महाराष्ट्रातच. पुण्याजवळ पिंपरी येथे, तेव्हा टेल्को म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा कारखाना आहे. सुमंत मूळगावकर या दूरदर्शी अभियंत्याने तेथे मालमोटारी काढण्याबरोबरच यंत्रे आणि साचे घडविण्याची विद्या हट्टाने जोपासली. साच्याचा हिशेब आपण वर पाहिलाच आहे. ज्याच्यापाशी साचे घडविणारे हात आहेत, त्याला बदलाचे भय कमी. त्याच पायावर १९९८ साली 'इंडिका' ही छोटी कौटुंबिक मोटार उभी राहिली. यंत्रसामग्रीसाठी ऑस्ट्रेलियातील निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन तो सुटा करून पुण्यास आणला. आकार रेखाटण्यात तुरीनच्याच एका संस्थेचे साहाय्य घेतले. परंतु गाडी कशी हवी, हे पुण्यात ठरले.

पहिल्या इंडिकांत दोष पुष्कळ निघाले. गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या. कारण आता त्यांना दुसरे दुकान होते. कंपनीने त्या ऐकल्या आणि २००१ साली सुधारलेली 'व्ही-टू' काढली. ती चांगली चालली. २००३ साली हीच गाडी इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीच्या नावाने विक्रीस गेली. तेथे तिचे फारसे कौतुक झाले नाही आणि २००५ साली रोव्हरच बुडाली; तरीपण नकाशा आपला आणि नाव त्यांचे, असा उलटा प्रवास प्रथमच घडला. २००८ साली तिची पुढची पिढी पुण्याजवळील रांजणगावला तयार होऊ लागली आणि त्या गाडीत फियाटची इंजिने बसविली. पूर्वी फियाटच्या गाडीत आपले भाग असत. आता आपल्या गाडीत फियाटचे. २०१८ साली इंडिकाही थांबली. पण तिने निपुत्रिक जगाचा निरोप घेतला नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. मधल्या वीस वर्षांत कारखान्याने काय केले? त्याने तीच गाडी पुनःपुन्हा, प्रामाणिकपणे केली. त्याला कोणी दुसरे काही करू दिले नाही, कोणी करावयास भागही पाडले नाही, आणि हळूहळू त्यालाही निराळे काही करावेसे वाटेनासे झाले. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांपैकी एकीलाच दोष देणे योग्य नव्हे.

आपल्या अभ्यासातही या तीन पायऱ्या आहेत. मार्गदर्शिकेतील उत्तर उतरवून काढणे ही जुळणी. तेच उत्तर समजून आपल्या शब्दांत लिहिणे ही घडण. आणि पुस्तकात नसलेला प्रश्न स्वतः विचारून त्याचा शोध घेणे ही रचना. पहिल्या दोन पायऱ्या टाळून तिसरी चढता येत नाही. पण दुसरीवरच बिऱ्हाड थाटले, तर गुण मिळत राहतात आणि वर्षे निघून जातात. गॅरेजातील त्या विद्यार्थ्याने त्या दिवशी प्रश्न विचारला. तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय पडलाच आहे. सुटीत जमेल त्याने जवळच्या एखाद्या ओतशाळेत परवानगी घेऊन जावे, तापलेला रस साच्यात कसा ओततात ते पाहावे, आणि तेथील कारागिरांना विचारावे, की हा साचा कोणी आखला. ते दार, जाता जाता सांगतो, अगदी नीट बसले.